उल्विकला गेलेला कोट

आंग मो किओ, सिंगापूर
६ एप्रिल २०२५

श्रीमती अरुणाताई यांस,
स. न. वि. वि.

रोहनने पंधरा दिवसांत तीन वेळा फोन करून एकच गोष्ट सांगितली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तुम्ही मे महिन्यात मुलांकडे बर्गनला जाणार, तुम्हाला नॉर्वेची काही माहिती नाही, आई तू तिथे दोन वर्षं राहिली आहेस, तर विहीणबाईंना नीट लिहून कळव, असं त्याचं म्हणणं. फोनवर सांगितलं तर त्या अर्धं विसरतील, असंही तो म्हणाला. हे मत त्याचं आहे.

मुलगा माझा, देश माझ्या पायाखालचा, आणि जाणार तुम्ही. याबद्दल मला काही म्हणायचं नाही. यांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार असतं आणि मला सिंगापूर सोडता येत नाही. मुलांनी मला बोलावलं नाही असं नाही. बोलावलं, मी नाही म्हटलं. नाही म्हणणाऱ्याच्या जागी दुसरं कोणी गेलं तर त्याने वाईट वाटून घेऊ नये, एवढं मला कळतं.

आधी राहण्याचं. मुलांच्या घरात एक खोली रिकामी आहे आणि तरी तुम्हाला हॉटेल हवं आहे, असं अश्लेषा म्हणाली. कारण विचारणं माझ्या स्वभावात नाही. मुलं इथे ईस्ट कोस्टला राहत होती तेव्हाही तुम्ही दोन्ही खेपांना सेरंगून रोडच्या हॉटेलात उतरलात. आमच्याकडे जेवायला बोलावलं तर पहिल्यांदा तुमचा सोमवार निघाला आणि दुसऱ्यांदा ॲसिडिटी. पाणीसुद्धा घेतलं नाहीत. असो. बर्गनला बंदरावर, त्या रंगीत लाकडी घरांच्या रांगेजवळ हॉटेल घेऊ नका. महाग असतं आणि बोटींतून उतरलेल्या प्रवाशांचा दिवसभर कलकलाट. दोन गल्ल्या वर चढून गेलात की लहान गेस्टहाउसं आहेत. सामायिक स्वयंपाकघर असलेलं बघा. चादरीचे पैसे वेगळे आहेत का, ते आधी विचारा. डोळ्यांवर बांधायला पट्टी न्या, कारण मे संपत आला की तिथे धड काळोख पडत नाही आणि पडदे नावालाच असतात. नाश्ता खोलीच्या भाड्यात असेल तर तो पोटभर करा. तिथल्या पाव-अंड्यांची पुरचुंडी बांधून आणू नका. आपली माणसं तसं करतात आणि ते त्यांना दिसतं.

बाहेर जेवण फार महाग. दुपारी तिथले लोक घरून आणलेला पाव खातात, तुम्हीही तेच करा. पावावर तपकिरी चीज घ्या. ते दिसायला साबणाच्या वडीसारखं असतं, चवीला बासुंदीच्या पातेल्याची खरवड. पहिल्या घासाला आवडत नाही, आठवड्याने सुटत नाही. दालचिनीचे गोल पाव आणि पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे वॉफल जॅम लावून मिळतात, ते शाकाहारी माणसाला चालतात. मासळी बाजार बघायचा, तिथे खायला बसायचं नाही. नळाचं पाणी प्या, बाटल्या विकत घेणं हा मूर्खपणा आहे. रविवारी दुकानं बंद, शनिवारी सामान भरा. मेतकूट, कुळथाचं पीठ, गोडा मसाला न्या. तूप नेऊ नका, दुधाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात.

पाहायचं म्हणाल, तर टेकडीवर जाणारी छोटी रेल्वे आहे, तिने वर जा आणि उतरताना चाला. लाकडी घरं सकाळी लवकर पाहा, आणि पुढून फोटो काढून परत फिरू नका, मागच्या बोळांत शिरा. एक दिवस रेल्वेने फ्लोमला जा आणि तिथून बोटीने फ्योर्डमधून, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीतून. बोटीत आत काचेमागे बसायचं नाही. सतरा मेला त्यांचा राष्ट्रीय दिवस असतो, शाळेच्या पोरांची मिरवणूक निघते आणि झाडून सगळे ठेवणीतले कपडे घालतात. तुम्ही चांगली साडी नेसा. पाऊस रोजचाच. छत्री नेऊ नका, वारा तिचं काय करतो ते मी सांगत बसत नाही. बसमध्ये रिकामी बाकं असताना कोणाच्या शेजारी जाऊन बसू नका. कोणाच्याही घरात शिरताना चपला बाहेर, हे तुम्हाला सांगायला नको.

थंडीसाठी माझा कोट पाठवत आहे. यांचा पुतण्या अनीश पुढच्या आठवड्यात पुण्याला येईल, तो आणून देईल. राखाडी लोकरीचा आहे, लाकडी बटणांचा. चौथं बटण वेगळं आहे, ते तसंच राहू द्या. वापरून झाला की परत करावा.

लोभ आहे असं धरून चालते, तो तसाच चालू राहावा.

सुलेखा


पौड रस्ता, पुणे
१४ एप्रिल २०२५

सौ. सुलेखाताई यांस,
सा. न. वि. वि.

तुमची ईमेल मिळाली आणि कोटही. ईमेल वाचून पुन्हा शाळेत नाव घातल्यासारखं वाटलं. नोकरीत असताना मुख्य कचेरीची परिपत्रकं यायची, त्यातही इतक्या गोष्टींची मनाई नसे. पण मनापासून सांगते, मी सगळं छापून घेतलं आहे आणि प्रवासी कंपनीच्या रंगीत पुस्तकापेक्षा ते हजारपट कामाचं आहे. तूप बॅगेतून काढलं. छत्री अजून काढवत नाही.

कोट घालून आरशासमोर उभी राहिले. पुण्याच्या एप्रिलात दोन मिनिटांत घामाच्या धारा लागल्या, पण मापात इतका बसला की मीच चकित झाले. आपण दोघी एका चणीच्या आहोत हे लग्नात माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तेव्हा मी मुलीची आई, तुमच्याकडे मान वर करून पाहतच कुठे होते?

हॉटेलचं कारण तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मीही सांगत नाही.

एक विचारायचं होतं. कोट पोहोचला का हे विचारायला परवा पद्माकररावांचा फोन आला होता. तब्येत बिघडली तरी गप्पा तशाच आहेत त्यांच्या, अर्धा तास हसवत होते. सिंगापूरला तुआसच्या गोदीत असताना नॉर्वेजियन जहाजाच्या कप्तानाला त्यांनी मिरचीचा ठेचा कसा खाऊ घातला, तेही सांगितलं. मग म्हणाले की तुम्ही उल्विकला जालच, सुलेखाने लिहिलंच असेल. फ्योर्डच्या टोकाशी सफरचंदांच्या बागा, यॉरुन नावाच्या बाईंचं घर, वर भाड्याच्या तीन खोल्या. बर्गनला होतात तेव्हा दर सुट्टीला तुम्ही दोघं तिथे जायचात म्हणे. सुलेखा जितकी तिथे हसली तितकी पुढे कुठेच हसली नाही, असं म्हणाले. मी तुमचं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. उल्विक नाही. ईमेलचं एखादं पान वाटेत गळतं का हो?

तुमचा राग लोभाइतकाच खरा असतो हे मला माहीत आहे, तेव्हा दोन्ही असू द्यावेत.

अरुणा


आंग मो किओ
१९ एप्रिल २०२५

श्रीमती अरुणाताई यांस,
स. न. वि. वि.

पान गळालेलं नाही. मी लिहिलं नव्हतं.

यांनी तुम्हाला ठेच्याची गोष्ट सांगितली हे वाचून आश्चर्य वाटलं. माझ्याशी ते सध्या फक्त पथ्याबद्दल बोलतात, तेही तक्रार म्हणून. दिवसभरात पाणी किती प्यायचं ते ठरलेलं आहे, त्यावरून आमचं रोज वाजतं. पालेभाजी उकळून पाणी टाकून द्यावं लागतं, मग तिला चव राहत नाही, आणि तो दोष माझा. खालच्या ब्लॉकमधल्या डायलिसिस सेंटरवर सोडायला जाते तेव्हा तिथल्या नर्सशी मात्र गोड बोलतात. आता तुमच्याशी. आजारी माणसाचं हसू बाहेरच्यांसाठी राखलेलं असतं, हा धडा मला या वयात मिळाला.

उल्विकचं विचारलंत, तर सांगते, कारण मी अर्धवट काही करत नाही. बर्गनहून रेल्वेने व्हॉस, तिथून बस. खिडकीची जागा धरा. मेच्या शेवटी सफरचंदाच्या झाडांना फुलं असतात आणि समोर डोंगरावर बर्फ, दोन्ही एकदम दिसतं. यॉरुनचं घर चर्चच्या वरच्या चढावर, पांढरं, हिरव्या दाराचं. ती अजून खोल्या देते की नाही ठाऊक नाही, ऐंशीच्या पुढे असेल. तीन खोल्यांपैकी फ्योर्डकडची आमची. तुम्ही दुसरी कुठलीही घ्यावी. जेवायला बटाटा असतो. सकाळी बटाटा, संध्याकाळी बटाटा. मी तिला काचऱ्या करायला शिकवल्या होत्या, जिरं पुण्याहून मागवून.

एक अट आहे. तिथे माझं नाव काढू नका. नाव काढलंत तर ती विचारेल, सुलेखा कधी येणार. पूर्वी दर नाताळच्या कार्डात तेच विचारायची. हे आजारी पडल्यापासून मी कार्डाला उत्तर पाठवलेलं नाही, कारण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. लवकरच येऊ, असं खोटं मी लिहीत नाही.

प्रवास सुखाचा व्हावा. लोभ कमी करू नये.

सुलेखा


बर्गन
२६ मे २०२५

सौ. सुलेखाताई यांस,
सा. न. वि. वि.

छत्री पहिल्याच दिवशी मोडली. काड्या वर, मी खाली, आणि एक म्हातारा गृहस्थ थांबून सहानुभूतीने पाहत होता. तुमचा शब्द यापुढे वेदवाक्य मानते. तपकिरी चीजही पहिल्या दिवशी टाकून दिलं आणि आता अश्लेषा ते माझ्यापासून लपवून ठेवते. सतरा मेला मी जांभळी पैठणी नेसले, तर रस्त्यातल्या बायका थांबवून काठ हातात घेऊन पाहत होत्या. त्यांच्या झग्यांवरच्या चांदीच्या बटणांना मीही हात लावून घेतला. हिशेब पुरा. बसमध्ये मात्र एकदा चुकले. एका मुलीशेजारी बसले, ती पुढच्या थांब्यावर उतरली, आणि मला खात्री आहे की तिचं घर तिथे नव्हतं.

आता उल्विक. मुलांना कामं होती, म्हणून एकटीच गेले. फुलांबद्दल तुम्ही लिहिलं होतंत ते कमीच लिहिलं होतंत. चढ चढून हिरव्या दाराशी पोहोचले तेव्हा पाऊस होता. तुमच्या कोटाची सगळी बटणं लावलेली, डोक्यावर टोपी, खाली साडीचा काठ. दार एका वाकलेल्या बाईने उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कोटाकडे पाहिलं, चौथं बटण दोन बोटांत धरून ओढून बघितलं, आणि मला मिठी मारून रडायला लागली. सुलेखा, सुलेखा, एवढंच म्हणत होती.

सुलेखाताई, ते बटण तिने तिच्या नवऱ्याच्या जाकिटाचं काढून तुम्हाला शिवून दिलं होतं, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. तिला एका डोळ्याने दिसत नाही आणि दुसऱ्याने अंधुक. मी सांगायला तोंड उघडलं, तर तुमची अट आठवली. तुमचं नाव काढायचं नाही. नाव न काढता मी सुलेखा नाही हे कसं सांगायचं, ते मला त्या पावसात सुचेना. तोवर तिने मला आत नेऊन चुलीशी बसवलं होतं.

तिने बटाट्याच्या काचऱ्या केल्या, जिरं घालून. फ्योर्डकडची खोली उघडली. मी दुसरी मागितली तर ती रागावली, म्हणाली की सुलेखा, तू कधीपासून पाहुणी झालीस? पद्माकरचा गळ अजून तळघरात आहे असं म्हणाली. रात्रभर त्या खिडकीतून उजेड येत होता आणि मी तुमच्या पलंगावर चोरासारखी पडून होते. सकाळी निघताना तिने विचारलं, पुन्हा कधी. ती हात सोडेना. मी म्हणून गेले, सप्टेंबरात, सफरचंदं काढायच्या वेळी.

तुम्ही रागवाल. रागवा, पण लोभातून वजा करू नका.

अरुणा


आंग मो किओ
१ जून २०२५

श्रीमती अरुणाताई यांस,
न. वि. वि.

पत्र मिळालं. यांना वाचून दाखवलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी हसले नाही.

तुम्ही माझ्या कोटात, माझ्या खोलीत, माझ्या नावाने राहिलात. यॉरुन मला बावीस वर्षांनी भेटली आणि तेव्हा मी इथे खालच्या मार्केटमध्ये दुधी निवडत होते. तिचं ते रडणं माझं होतं. ते तुम्ही घेऊन आलात.

सप्टेंबरचं वचन तुम्ही कोणाच्या जिवावर दिलंत? सप्टेंबरात एक आंधळी होत चाललेली बाई दाराकडे कान लावून बसेल. मी इथून हलू शकत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मी खोटं लिहायला लागू नये म्हणून उत्तर देणं बंद केलं, आणि तुम्ही एका सकाळी ते खोटं माझ्या नावावर जमा करून मोकळ्या झालात.

आणि एक. माझ्या मुलाच्या घरी राहायचं नाही म्हणून तुम्ही भाड्याने खोली घेता. रोहन सांगतो की त्याच्याकडे येता तेव्हाही स्वतःचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन येता. आमच्या घरचं पाणी तुम्हाला चालत नाही. यॉरुनकडे मात्र तुम्ही पोटभर जेवलात. आता मी विचारते. आमच्याच घरात असं काय आहे?

सुलेखा


पुणे
८ जून २०२५

सौ. सुलेखाताई यांस,
सा. न. वि. वि.

विचारलंत, बरं केलंत. हे मी सात वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं आणि लाज वाटत होती.

आमच्याकडे चाल आहे. लेकीला मूल झाल्याशिवाय आईने तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. पूर्वी अनेक घरांत होती, तुम्हीही ऐकली असेल. माझी आई माझ्याकडे यायची तर दारातल्या खुर्चीवर बसायची, पिशवीतून तांब्या काढायची, स्वतःचं पाणी प्यायची. मी तेव्हा बँकेत नोकरी करणारी, पदवीधर. तिला हसायची. अश्लेषा झाली, बाराव्याला आई पहिल्यांदा माझ्याकडे जेवली आणि म्हणाली की आमटी चांगली करतेस गं. लग्नाला आठ वर्षं झाली होती माझ्या. मी त्या दिवशी ठरवलं होतं की ही चाल माझ्यापाशी संपली. पण अश्लेषाचं लग्न झालं, तुमच्या घरी तुम्ही ताट वाढलंत, आणि माझा हात पुढे होईना. आई डोळ्यांसमोर आली. सोमवार वगैरे सगळं खोटं होतं. ॲसिडिटीही. तुमच्या घरात काही नव्हतं, सुलेखाताई. मनाई माझ्याकडची होती.

खरं कारण सांगितलं असतं तर मुलांना वाटलं असतं, आई नातवंडासाठी मागे लागली. म्हणून हॉटेल.

उल्विकहून परत आले त्या संध्याकाळी अश्लेषाने माझ्या हातातला डबा काढून घेतला. म्हणाली, आई, आम्हाला मूल नको आहे. आम्ही विचार करून ठरवलं आहे. म्हणजे तू माझ्या घरी कधीच जेवणार नाहीस का? ती चाल पाळताना मी वाट पाहत होते, आणि ज्याची वाट पाहत होते ते यायचंच नव्हतं. मग तिने भात वाढला. करपला होता. मी जेवले.

हेव्याचं म्हणाल तर माझाही ऐका. मी रडत होते तेव्हा ती माझी समजूत काढायला म्हणाली की सासूबाईंना दोन वर्षांपासून माहीत आहे, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की नीट विचार केला आहे ना, मग झालं. पोटच्या पोरीने मला सोडून तुम्हाला सांगितलं. मी ती रात्र तुमच्या नावाने बोटं मोडत काढली. तुमची मैत्रीण मी एका रात्रीसाठी घेतली. माझी मुलगी तुम्ही दोन वर्षं घेऊन बसला आहात.

आता सप्टेंबर. ते वचन मी माझ्या जिवावर दिलं होतं, फक्त सांगायचं राहिलं. मी तुमच्याकडे येऊन राहते. पथ्य शिकेन, सेंटरवर सोडेन, आणेन. पद्माकररावांना विचारून झालं आहे, ते म्हणाले की माझी हरकत नाही, पण सुलेखाला विचारण्याचं धाडस तुम्हीच करा. तुम्ही उल्विकला जा आणि यॉरुनला सांगा की मेमध्ये आली होती ती बाई दुसरी होती. ही चूक माझ्याने निस्तरणार नाही, तुम्हालाच जावं लागेल.

तुमच्या घरचं जेवेन. ताट वाढणार असाल तर लोभ आहे असं समजेन.

अरुणा


आंग मो किओ
१६ जून २०२५

श्रीमती अरुणाताई यांस,
स. न. वि. वि.

आठ दिवस उत्तर लिहिलं नाही. पहिले चार दिवस नकार लिहीत होते.

चाल मला माहीत होती. माझ्या आजीकडे होती. तुम्ही बँकेत अधिकारी होतात म्हणून ते माझ्या मनात आलं नाही. मी तुम्हाला सात वर्षं गर्विष्ठ समजत होते. आता तेवढ्यापुरतं समजणार नाही.

अश्लेषाने मला सांगितलं त्याचं कारण लोभ नव्हे. मी शेजारी होते आणि मी रडणार नाही हे तिला माहीत होतं. तुम्हाला सांगायच्या काळजीत तिने भात करपू दिला असं रोहन म्हणाला. मला सांगताना ती सफरचंद खात होती. यावरून काय ते समजा.

यावं. अटी अशा. निघण्याआधी आठवडाभर येऊन सगळं शिकून घ्यायचं. भाजी दोनदा उकळायची, त्यांनी कितीही तोंड केलं तरी. ते तुम्हाला हसवतील आणि हसता हसता पाण्याचा दुसरा पेला मागतील. द्यायचा नाही. मला त्यांनी असं वर्षभर फसवलं आहे. तिखट बंद, त्यामुळे ठेच्याची गोष्ट सांगू द्यावी, ठेचा करू नये. शेजारच्या मिसेस लिमना मी सांगितलं आहे की माझी बहीण येणार आहे. व्याही आणि विहीण एका घरात दोन आठवडे कसे, हे लिफ्टमध्ये उभं राहून समजावण्याची माझी तयारी नाही.

माझी खोली घ्यावी. दुसरी मागू नये.

लोभ कळला. माझाही कळत असावा.

सुलेखा


चांगी विमानतळ
१५ सप्टेंबर २०२५

अरुणाताई यांस,
स. न. वि. वि.

विमानाला अजून वेळ आहे, म्हणून लिहीत आहे. घरातून निघताना हे सोफ्यावरून उठले नाहीत, हात हलवला आणि म्हणाले की यॉरुनला सांग, गळ सांभाळून ठेव. मी लिफ्टपाशी पोहोचले नव्हते तोवर आतून तुमच्या दोघांच्या हसण्याचा आवाज आला. मी परत फिरणार होते. लिफ्ट आली म्हणून गेले.

यॉरुनला मी काय सांगायचं ते ठरवलं आहे. मे महिन्यात माझी बहीण आली होती असं सांगेन. मिसेस लिमना एक आणि तिला एक, असं नको.

बुधवारी सेंटरवर नेताना त्यांचं जाकीट विसरू नका, आत फार गार असतं. मी तिथे पोहोचून फोन करेन. फोन आधी तुम्ही घ्यावा आणि खरं सांगावं, मग त्यांना द्यावा.

लोभ घरात ठेवून आले आहे, सांभाळावा.

सुलेखा

ता. क. देण्याघेण्याची नोंद असलेली बरी, म्हणून लिहिते. तुम्हाला दिलं: घराची किल्ली, सेंटरचं कार्ड, गोळ्यांचा डबा, भाजी उकळायचं मोठं पातेलं, माझी खोली, पद्माकर. तुमच्याकडून घेतलं: राखाडी कोट, चौथ्या बटणासह, आणि यॉरुनसाठी जिऱ्याची पुडी. गेल्या सोमवारी तुम्ही दारात आलात तेव्हा पाण्याचा पेला. भरून दिला, रिकामा परत मिळाला.